गच्चीवरचा पिवळा स्क्वॉश

प्रश्न : दिवाळीनंतर कुंडीत ‘अर्ली प्रोलिफिक स्ट्रेटनेक’ वाणाचा पिवळा स्क्वॉश (भोपळ्याच्या जातीची फळभाजी) लावला. फुलं भरपूर येतात, पण फळं बोटाएवढी झाली की टोकाकडून सडून गळतात. खत कमी पडतंय का? मांडव हवा का? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : खत नका वाढवू हो, नुसती पानंच माजतील. ही भोपळ्याचीच भावकी, नर-मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली इवलंसं पिवळं फळ असतं, नराखाली नुसता दांडा. मादीला नराचे पराग मिळाले नाहीत, की फळ असं सडून गळतं. गच्चीवर मधमाशी येत नसेल, तर सकाळी आठच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागाचा दांडा मादी फुलात अलगद फिरवा. दुपारी फुलं मिटतात. मीही पहिल्या वर्षी डझनभर फळं अशीच घालवली!

मांडव नको, हे झुडूप आहे. १९३८ साली अमेरिकेत बक्षीस मिळवलेलं हे जुनं वाण, पेरल्यापासून साधारण ५० दिवसांत फळतं. फळाची मान सरळ, साल लोणीपिवळी. वीतभर झालं की काढाच. राहिलं तर साल टणक होते, बिया जून. कोवळ्याची साल न काढता पीठ पेरून भाजी करा. पाणी मात्र घालू नका, त्याचंच पुष्कळ सुटतं.