किराणा दुकानात काम करणारा कर्ट वॉर्नर रातोरात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगचा, स्टार झाला, हे खरं आहे का?

दुकान खरं, स्टार झाला तेही खरं. 'रातोरात' मात्र खोटं. दुकानातली नोकरी १९९४ ची आणि संघात हक्काची जागा मिळाली १९९९ ला. मधली पाच वर्षंच खरी गंमत आहेत आणि गोष्ट सांगणारे नेमकी तीच गाळतात.

आधी माझा काय संबंध ते सांगतो. १९९९ साली वायटूकेच्या (२००० साल उजाडताना संगणक अडू नयेत म्हणून निघालेल्या कामांच्या) लाटेत मी सेंट लुइसला जाऊन पडलो. दोन खोल्यांत चार मराठी पोरं आणि आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला एक टीव्ही. फुटबॉल पायाने खेळतात, एवढंच आमचं ज्ञान. ऑगस्टच्या शेवटी एका सोमवारी ऑफिसात गेलो तर सुतक पडल्यासारखं वातावरण. शनिवारी सराव सामन्यात गावच्या रॅम्स संघाचा नवा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन गुडघ्यातून गेला होता. आधीच्या वर्षी संघ सोळापैकी फक्त चार सामने जिंकलेला, त्यात हे. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारलं, आता बदली कोण? ते म्हणाले, "आहे कुणीतरी वॉर्नर."

क्वार्टरबॅक म्हणजे काय ते न सांगता पुढे गेलो तर सगळं हवेत जाईल. दर डावाला चेंडू पहिल्यांदा याच्या हातात येतो. समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावत येत असतात आणि अडीच-तीन सेकंदांत, आपले भिडू कुठे पोहोचणार याचा अंदाज घेऊन, चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं असतं. संघात असे दोन-तीन जण असतात, पण मैदानात एकच. बाकीचे टोपी घालून कडेला उभे.

वॉर्नर हा असा टोपी घालून उभा राहिलेला माणूस. आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स गावच्या नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात तो शिकला. हे कॉलेज फुटबॉलमधल्या बड्या घराण्यांपैकी नव्हे, आणि तिथेही त्याला जागा मिळाली ती थेट शेवटच्या वर्षी, १९९३ ला. त्या एका वर्षात तो आपल्या गटातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. पण एनएफएलचे संघ कॉलेजमधून खेळाडू उचलतात ते ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने नाव पुकारून. १९९४ ला २२२ नावं पुकारली गेली. त्यात हा नव्हता.

न निवडलेल्यांना संघ शिबिरापुरते बोलावतात. ग्रीन बे पॅकर्सने याला बोलावलं. तिथे आधीच तीन क्वार्टरबॅक: ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर. एकदा सरावात प्रशिक्षक स्टीव्ह मॅरिउची याला म्हणाले, जा आत. हा म्हणाला, नको, माझी तयारी नाही. हे वॉर्नरने स्वतःच नंतर सांगितलं आहे. लोक याला घाबरटपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. डाव पाठ नसताना आत जाऊन शोभा करून घेण्यापेक्षा ते बरं. अर्थात शिबिरातून नारळ मिळालाच.

मग ते प्रसिद्ध दुकान. सीडर फॉल्सचं हाय-व्ही, रात्रपाळी, फळीवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलर. पण तिथे तो काही महिनेच होता. १९९५ पासून तीन हंगाम तो 'अरीना फुटबॉल' खेळला, आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून.

माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. अरीना फुटबॉल म्हणजे बंद छताखाली, आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत खेळायचा प्रकार. मैदान ५० यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं; अकराऐवजी आठ गडी आणि कडेला गादी लावलेली भिंत. सगळंच जवळ, त्यामुळे विचार करायला उसंत नाही. चेंडू हातात आला की सुटलाच पाहिजे. एनएफएलवाले याला सर्कस समजत. पण त्या सर्कशीत तीन वर्षं काढलेल्या माणसाला मोठं मैदान मिळाल्यावर किती मोकळं वाटलं असेल, विचार करा. पुढे सेंट लुइसमध्ये आम्ही बघायचो तेव्हा हाच भाग डोळ्यात भरायचा: समोरचा गडी पोहोचेपर्यंत चेंडू गेलेला असायचा.

१९९७ ला शिकागो बेअर्सने चाचणीला बोलावलं, तर मधुचंद्राला गेला असताना फेकायच्या हाताच्या कोपराला किडा चावला आणि हात सुजला. चाचणी बोंबलली. १९९८ ला रॅम्सने करार केला आणि लगेच ॲमस्टरडॅमला पाठवून दिलं, एनएफएलच्या युरोपातल्या लीगमध्ये. परत आल्यावर पुन्हा बाक. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा संघ नव्याने उभा राहत होता आणि इतर संघांनी मोकळे सोडलेले खेळाडू त्यांना घेता येत होते. रॅम्सने वॉर्नरला मोकळं सोडलं. क्लीव्हलँडने घेतलं नाही!

आणि मग ग्रीनचा गुडघा. प्रशिक्षक डिक व्हर्मील यांनी डोळे पुसत पत्रकारांना सांगितलं, आम्ही वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू. ऑफिसात हे वाक्य चेष्टेचा विषय झालं होतं. १० ऑक्टोबरला चेष्टा थांबली. सॅन फ्रान्सिस्कोकडून रॅम्स ओळीने १७ सामने हरले होते. त्या दिवशी ४२-२० ने जिंकले. वॉर्नरचे पाच टचडाउन पास (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन), त्यातले चार एकट्या आयझॅक ब्रूसला. आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि खिचडी लागली.

हंगामाअखेर ४१ टचडाउन, पासांनी कापलेले ४,३५३ यार्ड, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. ३० जानेवारी २०००, अटलांटा, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. दोन मिनिटं उरली असताना टेनेसीशी १६-१६ बरोबरी, आणि याने ब्रूसकडे ७३ यार्डांचा विजयी पास दिला, तोही सोडता सोडता अंगावर धडक घेऊन. सामना २३-१६. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: मार्शल फॉक, ब्रूस, टोरी होल्ट, ऑरलँडो पेस असा संघ मिळणं हे नशीबच. हाच माणूस त्या वर्षी क्लीव्हलँडला गेला असता तर आपण आज त्याच्याबद्दल बोलत नसतो.

२००१ ला पुन्हा सर्वोत्तम, पण सुपर बोल टॉम ब्रेडीच्या संघाकडून हरला. मग हाताच्या दुखापती, हातून सुटणारे चेंडू, आणि परत टोपी. न्यूयॉर्कला गेला तर हंगामाच्या मध्यात नवख्या एली मॅनिंगला जागा द्यावी लागली. ॲरिझोनात तर कॉलेजातून आलेल्या मॅट लायनार्टच्या मागे उभा राहिला. तिथूनही जागा परत मिळवली आणि सदतिसाव्या वर्षी त्या संघाला इतिहासातल्या पहिल्या सुपर बोलला नेलं. पिट्सबर्गकडून २७-२३ ने हरले.

तुम्हाला एकच सामना बघायचा असेल तर सुपर बोल सोडा, १० जानेवारी २०१० चा ॲरिझोना विरुद्ध ग्रीन बे शोधा. शिबिरातून घरी पाठवणारं तेच ग्रीन बे. ३३ पास, २९ अचूक, पाच टचडाउन. म्हणजे चुकलेल्या पासांपेक्षा टचडाउन जास्त. जादा वेळेत ५१-४५. मी तोवर पुण्याला परतलो होतो, पहाटे तीनला उठून संगणकावर नुसते आकडे बदलताना बघत बसलो होतो. पुढच्याच सामन्यात ते हरले आणि महिना संपायच्या आत त्याने निवृत्ती जाहीर केली. २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. बायकोने त्या पहाटे चहा ठेवता ठेवता विचारलं होतं, "कोण हा? ओळखीचा आहे का?" मी म्हटलं, "आमच्या गावचा."