बेगमी भरलीत, पण पाऊस केव्हाच सुरू झालाय

प्रिय मावशी,
मी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते, जुनी इमारत, लिफ्ट नाही. वय 64. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेगमीचे दिवस. गहू-तांदूळ ऊन देऊन, एरंडेल लावून डब्यांत. तिखट, हळद, गोडा मसाला, सांडगे, कुरडया वर्षाच्या. सून आयटीत आहे. गेली दोनेक वर्षं ती सगळं मोबाइलवरून मागवते. कोथिंबिरीची जुडीसुद्धा! दहा मिनिटांत पोरगा दारात. परवा म्हटलं, "अगं, घरात थोडी बेगमी असावी," तर म्हणाली, "आई, बेगमी म्हणजे काय, बेगमसारखं राहायचं?" मुलगाही हसला. मला रात्रभर झोप नाही. आम्ही एका पगारात दोन मुलं शिकवली, कुणापुढे हात पसरला नाही. आजही यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलंय, पण सहा लाखांची पाच वर्षांची एफडी 2027 च्या डिसेंबरात पिकते, मध्येच मोडली तर व्याज जातं, म्हणून थांबलोय. हेही काही बोलत नाहीत. ही शिस्त या मुलांना कधी येणार? सुनेला कसं समजावू?
– बेगमीवाली

बेगमीवाली बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण सूनबाईंचा विनोद बरा आहे. दुसऱ्यांदा वाचताना "गुडघ्याचं ऑपरेशन" इथे अडले, आणि मग पुढचं काही दिसेना. सून दिसेना, कोथिंबीर दिसेना. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेला एक माणूस तेवढा दिसत राहिला. तुम्ही त्यांना एका वाक्यात गुंडाळून ठेवलंत, तेही स्वतःच्या शिस्तीचा दाखला म्हणून.

तुमच्या पत्रात "दोन वर्षं" दोनदा आलंय. सून दोन वर्षांपासून भाजी मोबाइलवरून मागवते. यांचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेत. त्याआधी मंडईत कोण जायचं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावते, पिशवी घेऊन तेच जायचे. येताना टपरीवर अर्धा कप चहा, कुणीतरी भेटायचं, जुडी दोन रुपयांनी स्वस्त मिळाली की घरी येऊन सांगायचे. त्यांची फेरी बंद पडली आणि तो पोरगा जिने चढायला लागला. सुनेनं तुमची शिस्त मोडली नाही हो. तुमच्या घरात एक माणूस कमी पडला, ती जागा तिनं तिला जमेल तशी भरून काढली.

आता तुमच्या शब्दाकडे येते, कारण माझाही तो लाडका आहे आणि तुम्ही त्याची अब्रू सांभाळायला निघाला आहात. बेगमी फारसीतून आली. बे म्हणजे नसणं, गम म्हणजे दुःख, चिंता. घरात पुरेसं आहे, जिवाला घोर नाही, ती बेगमी. (बेगम तुर्की वळणाची, तिचा हिचा संबंध नाही. सूनबाई तिथे चुकल्या, एवढं त्यांना माझ्या नावानं सांगा.) म्हणजे शब्दाचं मूळ डब्यात नाही, निर्घोर झोपेत आहे. आणि तुमच्या घरी काय चाललंय? सहा लाख बँकेत आणि रात्री कूस बदलताना कण्हणारा माणूस शेजारी. याला तुम्ही बेगमी म्हणता?

बेगमीला ऋतू असतो, हे मी तुम्हाला काय सांगावं! वैशाखात भरलेलं आषाढ-श्रावणात निघतं. जुनं आधी काढायचं, नवं मागे सारायचं. पुढचा उन्हाळा येईतो डब्याचा तळ दिसतो आणि तो दिसलाच पाहिजे, म्हणून तर पुन्हा भरायचं. भर आषाढात "डबा उघडला तर माल कमी होईल" असं म्हणणारी बाई तुम्ही पाहिलीय का? उघडलाच नाही तर टोके होतात, जाळी धरते, आणि मग तेच धान्य गच्चीत चिमण्यांना टाकायला लागतं.

मी तशी बाई पाहिलीय, म्हणजे उघडणारी. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. मी आठ वर्षांची होते. पाणी उतरल्यावर खालच्या बिऱ्हाडांत चिखल साचलेला, आणि भिजलेल्या धान्याचा दुसऱ्या दिवसापासून असा आंबूस वास सुटला की अजून कधी नाकात येतो. वरच्या मजल्यावर एक काकू होत्या, काडेपेटीतल्या काड्या मोजून ठेवणाऱ्या. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. त्यांच्या माळ्यावर वर्षाचा तांदूळ होता, डाळीचं पीठ होतं, कोळशाचं पोतं होतं. त्यांनी सगळं खाली काढलं. सगळा वाडा त्यांच्याकडे पिठलं-भात जेवला, किती दिवस ते मला आता नक्की आठवत नाही. प्रेमानं वाढत होत्या असं समजू नका. "पानात टाकाल तर याद राखा" म्हणत वाढायच्या, दर पानाला पुटपुटायच्या. पण वर्षाचा तांदूळ गेला, आणि पुढे कितीतरी दिवस त्या वाण्याकडून थोडा थोडा आणताना दिसायच्या. तरीही काड्या मोजायचं काही सोडलं नाही!

तुमचा आषाढ दोन वर्षांपूर्वी लागला, डॉक्टर बोलले त्या दिवशी.

व्याज जातं म्हणता, तर चला, हिशेबच करू. तुम्हालाही तोच कळतो आणि मलाही. करबचतीची ठेव मुदतीआधी मोडता येत नाही, पण तिला दीड लाखाची मर्यादा असते. तुमचे सहा लाख आहेत, म्हणजे ही साधी ठेव, मोडता येते. मुद्दलाला धक्का लागत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर बँक देते आणि त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का कापते. एक टक्का धरा. सहा लाखांवर वर्षाला 6000 रुपये, झालेल्या तीन वर्षांचे 18,000, चक्रवाढीनं किंचित वर. महिन्याला पडले 500. एवढ्याकरता तुम्ही नवऱ्याला घरात बसवून ठेवलंय. कोथिंबीर आणणाऱ्या पोराला सून महिन्याला याहून जास्त देत असेल.

आणि थांबण्यालाही किंमत पडते, ती पासबुकात उमटत नाही इतकंच. चालणं बंद झालं की मांडीचे स्नायू झडतात. ऑपरेशननंतर माणसाला उभं करायचं असतं ते त्याच स्नायूंच्या जोरावर. म्हणजे 2027 च्या डिसेंबरात तुमचे सहा लाख फुगून हातात येतील आणि पाय मात्र आजच्यापेक्षा बारीक झालेले असतील. खर्चाची धास्ती असेल तर हेही ऐका: गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारनं 2017 च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातलीय. सांध्याचा आकडा रुग्णालयाकडून वेगळा लिहून मागा. मागायला लाजू नका, तुम्ही पुण्याच्या आहात.

"हेही काही बोलत नाहीत." बाई, आयुष्यभर एका पगारात घर ओढलेला माणूस स्वतःच्या गुडघ्यासाठी ठेव मोडा म्हणून कसा बोलेल? मुलांच्या फीसाठी बोलला असेल, तुमच्या दुखण्यासाठी बोलला असेल. स्वतःसाठी बोलायची त्यांना तुम्ही दोघांनी मिळून सवयच ठेवली नाही. त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. मला तर या गप्प बसण्याचाच राग येतोय, तुमचा त्याच्या खालोखाल.

सुनेला कसं समजावू, हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते. तिला काही समजावायचं नाहीये. मागवू दे कोथिंबीर.

तुम्ही सोमवारी बँक उघडताच जा. ठेवीची पावती, दोघांची आधार कार्डं आणि पासबुक बरोबर न्या. खिडकीवरचा माणूस म्हणेल, "आजी, थोडेच दिवस राहिलेत, कशाला मोडता?" त्याला तुमच्यासारखीच काळजी असते व्याजाची. ऐकून घ्या आणि फॉर्म मागा. ठेव दोघांच्या नावावर असेल तर सह्या दोघांच्या लागतील. त्यासाठी त्यांना तीन जिने उतरवू नका, फॉर्म घरी घेऊन या. पेन हातात देताना ते विचारतील, "किती जाईल?"

अठरा हजार, म्हणून सांगा. आणि सही होईपर्यंत तिथून हलू नका.

– मावशी