सोपा म्हणतात तो बॉल

‘सरावात जमतं, मोक्याला हात दगा देतो’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे कितीतरी जण येतात. कुणी बॅडमिंटनची सर्व्हिस सांगतं, कुणी टायपिंगची परीक्षा, कुणी तबल्यावरचा साधा ठेका. त्यातला एक प्रकार मात्र माणसाला जास्त खातो: अवघड ते जमतं आणि सोपं तेच चुकतं. अवघड चुकलं तर निदान सहानुभूती मिळते. सोपं चुकलं की लोक हसतात, आणि माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लागतो.

अशाच एका तरुणाची ही गोष्ट आहे. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय सत्तावीसच्या आसपास, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी. आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिस सुटल्यावर धरमपेठेतल्या पार्लरमध्ये मित्रांबरोबर पूल खेळायचा, म्हणजे क्यू या लांब काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलच्या पॉकेटांत टाकायचा खेळ. हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे, हा तिथला रिवाज.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “मॅडम, कट लागते, बँक लागते. सरळ बॉल लागून नाही राहिला. पांढरा, काळा, पॉकेट, तिन्ही एका रेषेत. डोळे मिटून टाकावा असा बॉल. अन् मी तोच चुकवतो. दोस्त म्हणतात, अबे हा तं माही आजी बी टाकन. आता तर घरी रात्री तोच बॉल दिसते. डोक्यात काही लोचा आहे का माझ्या?” (कट म्हणजे बॉलला कडेवर मारून तिरका पाठवणं, बँक म्हणजे कुशनवर, टेबलच्या रबरी कडेवर, आपटवून टाकणं.)

असा प्रश्न आला की समुपदेशकाने लगेच मनाकडे धावू नये, असं माझं मत आहे. आधी शरीर पाहावं. हात इतर वेळी थरथरतो का, सही करताना, कप उचलताना? नाही. झोप, चहा, औषधं? विशेष काही नाही. चष्मा? होता. आणि खेळताना तो नाकावरून घसरतो, असं तो सहज बोलून गेला. क्यूवर वाकलं की माणूस भिंगाच्या अगदी वरच्या कडेतून, कधी फ्रेमच्याही वरून पाहतो. पूलसारख्याच स्नूकर या खेळात डेनिस टेलर नावाचा खेळाडू याच कारणासाठी उंच भिंगांचा अवाढव्य चष्मा लावायचा, आणि 1985 साली शेवटच्या डावातल्या शेवटच्या काळ्या बॉलवर तो जगज्जेता झाला. आमच्या या मुलाला मी आधी चष्म्याच्या दुकानात पाठवलं. फ्रेम बदलून थोडा फरक पडला, पण तेवढ्याने भागलं नाही.

दुसरं काम त्याला वहीत करायला दिलं. चुकलेला प्रत्येक बॉल लिहायचा, नुसता सरळ नव्हे, कटही. पुढच्या भेटीत तो जरा ओशाळून आला. कट त्याने जास्त चुकवले होते. फक्त ते त्याच्या लक्षात राहत नव्हते, कारण त्यांवर कुणी काही बोललं नव्हतं. ‘कट लागते, सरळ लागत नाही’ हे वाक्य तो वर्षभर स्वतःला ऐकवत होता, आणि ते खरंच नव्हतं. लाज जिथे लागते तिथलीच आठवण पक्की होते.

मग मी त्याला विचारलं, हा बॉल सोपा आहे असं कुणी ठरवलं? इंजिनिअर माणूस, कागद पुढे केला आणि म्हटलं, मांडा हिशोब. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा. पांढऱ्यापासून काळा 1 मीटरवर, तिथून पॉकेट आणखी 1 मीटर. पांढऱ्याची दिशा एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकली, तर काळा बॉल त्याच्या सोळापटीहून जास्त, म्हणजे दीड अंशाच्या वर भरकटतो. पॉकेटपाशी पोचेपर्यंत ती चूक जवळजवळ 3 सेंटीमीटर होते. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटीमीटर, त्यात बॉलच पावणेसहाचा. मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना उरतात 3 सेंटीमीटरच्या आतच. आणि अंशाचा दहावा भाग म्हणजे क्यूवर किती? मागचा हात पुढच्या हातापासून 80 सेंटीमीटरवर धरला तर तो दीड मिलिमीटरही सरकायला नको.

कागदाकडे पाहत तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःहूनच अंतरं बदलून पाहिली. पांढरा काळ्याच्या जवळ असेल तर चूक कमी वाढते. काळा पॉकेटजवळ असेल तर वाढलेल्या चुकीला पसरायला जागा उरत नाही. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे काळा बरोबर मध्यावर. त्याला रात्री दिसणारा बॉल नेमका तोच होता.

कट शॉट भूमितीच्या हिशोबाने याहून सोपा नाही, उलट अवघडच. पण कटमध्ये निशाणा थोडा चुकीचा धरलेला असला आणि हातही थोडा वाकडा गेला, तर कधीकधी दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बॉल पडतो. खेळणाऱ्याला वाटतं, जमलं. सरळ बॉलवर निशाण्याबद्दल वाद नसतो, त्यामुळे जी काही चूक असेल ती हाताच्या नावावर जाते.

मला स्वतःला पूल येत नाही. म्हणून त्याच्या संमतीने एका दुपारी पार्लर रिकामं असताना तिथे गेले. मे महिना होता. कूलरच्या दमट हवेत क्यू त्याच्या अंगठ्यापाशी अडकत होता, हे मलासुद्धा दिसलं. तिथल्या मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाने, एक हातमोजा काढून दिला. हे मार्करदादा पन्नाशीचे, बोलणं मोजकं. त्यांनी काळा बॉल मध्यावर ठेवला आणि म्हणाले, “पॉकेटकडे पाहू नको. पांढऱ्याकडे पाह्य. तो खोटं नाही बोलत.”

पांढऱ्याला डावी-उजवीकडे न जाता बरोबर मध्यावर, फक्त किंचित खाली मारलं आणि तो सरकत जाऊन काळ्याला भरीव लागला, तर तो जागच्या जागी थांबतो. याला स्टॉप शॉट म्हणतात. थांबला पण भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर क्यू मध्यावर लागलाच नाही, नकळत बाजूची फिरकी दिली गेली. ती फिरकी पांढऱ्याची वाटही थोडी वळवते आणि लागताना काळ्यालाही ढकलते. पांढरा थांबला नाही, उजवीकडे सरकला, तर काळा डावीकडे गेलेला असतो, म्हणजे धडक पूर्ण लागली नाही. आमच्या मुलाचा पांढरा बहुतेक वेळा थांबायचा, आणि फिरायचा.

मार्करदादांचं निदान: शेवटच्या क्षणी मुठीची पकड आवळते, क्यू वळतो. आणि मारायच्या आधीच डोकं वर येतं. उपायही त्यांचेच. रिकामी बाटली टेबलवर आडवी ठेवून क्यू तिच्या तोंडात आतबाहेर करायचा, काचेला न लागता. नुसता पांढरा घेऊन टेबलच्या लांबीत समोरच्या कुशनवर मधोमध मारायचा, तो परत येऊन क्यूच्या टिपेला लागला पाहिजे. पट्टेवाला बॉल पांढऱ्याच्या जागी घेऊन पट्टा उभा ठेवायचा, पट्टा डुलला की बाजूची फिरकी लागली असं समजायचं. हे सगळं मी फक्त लिहून घेतलं. यात माझं काही डोकं नाही.

माझं काम दुसऱ्या गोष्टीत होतं. मी मोबाइलवर त्याचे शॉट टिपले, आधी एकट्याचे, नंतर एका संध्याकाळी मित्रांबरोबरचे. कट शॉटच्या वेळी तो टेबलभोवती फिरायचा, बॉलच्या मागे जाऊन पाहायचा, रेषेवर पाय ठेवूनच वाकायचा. सरळ बॉलला मात्र उभा असेल तिथूनच तिरका वाकायचा. सोपाच आहे, त्याला कशाला फिरायचं! वाकल्यावर रेष जुळवायचा, क्यू कधी एकदाच मागेपुढे, कधी आठ वेळा. डोळे पांढऱ्यावर, काळ्यावर, पॉकेटवर, मग समोरच्या मित्राच्या चेहऱ्यावर. त्या वेळी मनात काय चालू होतं, विचारलं. तो म्हणाला, “कोपर हलू नको, मनगट सरळ, मूठ ढिली, असं सांगत असतो मी हाताला.” व्हिडिओ पाहून पाहून पाठ केलेली वाक्यं.

बसलेल्या कौशल्यावर पायरीपायरीने पहारा ठेवला की ते विस्कटतं. सियान बायलॉक आणि थॉमस कार यांनी 2001 मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलण्यावर, काम करून दडपणाखाली बिघडण्याचं हे एक कारण दाखवलं. स्नूकरमध्ये सात वेळा जगज्जेता झालेला स्टीफन हेन्ड्रीसुद्धा उत्तरार्धात आपला क्यू नीट पुढे जात नाही, असं उघडपणे सांगत असे. नजरेबद्दल कॅनडाच्या जोन विकर्स यांचं काम आहे. शॉटच्या आधीची शेवटची नजर एका जागी टिकवणं कुशल खेळाडूंना जास्त जमतं, आणि बिलियर्ड्सवरच्या अभ्यासातही लागलेल्या शॉटच्या आधी ती नजर जास्त वेळ टिकलेली दिसली.

म्हणून आम्ही वाटणी केली. विचार सगळा उभ्याने करायचा: मागे जा, रेष पाहा, रेषेवर पाय. वाकल्यावर हाताला एकही सूचना नाही. क्यू शेवटचा मागे गेला की जरा थांबायचं, नजर काळ्या बॉलवर, जिथे पांढरा लागायला हवा त्या एका बिंदूवर. सरळ बॉललाही हाच क्रम, एक पायरीसुद्धा कमी नाही.

राहिलं ते डोकं वर येणं. मार्करदादांना ती तंत्राची चूक दिसली. मला तिथे पळवाट दिसली. बॉल चुकणारच अशी धास्ती असेल तर माणूस चुकायच्या आधीच उठतो, चेहऱ्यावर हसू आणतो, काहीतरी बोलतो, म्हणजे दुसऱ्यांच्या हसण्याआधी आपण हसलेलो असतो. ती पळवाट जितकी वापरावी तितकी लाज टिकते. त्याला नियम दिला: पांढरा पूर्ण थांबेपर्यंत हनुवटी क्यूवरून हलवायची नाही, कुणी काहीही म्हणो. आधी एकट्याने, मग मार्करदादा पाहत असताना, मग एका मित्रासमोर, मग टेबलचे पैसे लावून. मित्र बोलले तरी खालीच राहायचं. पहिल्या वेळी त्याचे कान तापले म्हणाला. नंतर नंतर बोलणंच कमी झालं, कारण उत्तर मिळत नव्हतं.

वहीतली नोंदही बदलली. पडला की चुकला हे लिहायचं नाही. पांढरा कुठे थांबला, फिरला का, एवढंच. आपण किती नालायक आहोत याचा निकाल लिहिण्यापेक्षा ही माहिती लिहिणं त्याला सोपं गेलं. काही आठवड्यांनी पान भरून ‘थांबला, फिरला नाही’ असं आलं, मधे मधे ‘डावीकडे’ वगैरे. तो मध्यावरचा काळा बॉल तो अजूनही चुकवतो. पण आता त्यावर रात्र जात नाही.

ज्यांचा हात खेळाबाहेरही थरथरतो किंवा क्यू धरल्यावर बोटं आपोआप वाकडी होतात, त्यांनी मात्र यातलं काही करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. तो प्रकार वेगळा.

परवा फोनवर त्याने सांगितलं, टेबलचे पैसे अजून बहुतेक वेळा तोच देतो, ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा फटका, फार वाईट आहे म्हणून. ते काम मार्करदादांचं, मी त्याला तिकडेच पाठवलं.