अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलमुळे गरीब देशांतलं अन्न खरंच महागतं का?

हो, महागतं, सगळ्या भाववाढीचं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही एवढंच. अमेरिकेतला एक तृतीयांशाहून जास्त मका इथेनॉलच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलच्या, कारखान्यांत जातो. २००७ च्या कायद्याने २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलन जैवइंधनाचं लक्ष्य घालून दिलं. मागणी अशी कायद्यानेच बांधली की भाव चढले तरी ती फारशी हटत नाही, आणि हात आखडता घ्यावा लागतो तो धान्य विकत आणणाऱ्या गरीब देशांना. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे तिथली रोजची मक्याची पोळी, महागली म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले (साठेबाजीचे आरोपही तेव्हा झाले होते). २०१२ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या काही राज्यांनीच जैवइंधन वापरण्याची ही सक्ती थोडी शिथिल करा म्हणून अर्ज केले, ते फेटाळले गेले. माझ्या मते टंचाईच्या वर्षी सक्ती सैल करणं हे श्रीमंत देशाचं कर्तव्यच आहे, दानधर्म नव्हे. मात्र ‘सगळा मका जाळला’ हेही खरं नाही: २५ किलो मक्यातून सुमारे १० लिटर इथेनॉल निघतं आणि सात-आठ किलो चोथा पशुखाद्य म्हणून परत मिळतो.