जालन्याच्या माळावर बेथेल कसं आलं?

तुमचा प्रश्न असा की जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती गावाला हे नाव कुठून मिळालं, आणि तिथली मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, प्रेस्बिटेरियन पंथाचे कसे. माझं आजोळ जालन्याचं, म्हणून सांगतो.

नाव बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं. याकोब वाटेत दगड उशाला घेऊन निजला, स्वप्नात शिडी दिसली, सकाळी त्याने त्या जागेला बेथेल म्हटलं. म्हणजे देवाचं घर. जालन्याला हे नाव आणलं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी.

शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता, पण वडिलांनी कोर्टातून त्याला परत मिळवलं. मग पोराला जातीत घ्यायचं की नाही यावर मोठा गदारोळ झाला. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी स्कॉटलंडचं चर्च फुटलं. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण हे जमीनदाराने नव्हे, मंडळीने ठरवायचं, असं म्हणणाऱ्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी तिकडे गेले, शेषाद्रीही त्यांच्यातलेच. प्रेस्बिटेरियनपण आलं ते असं. बिशप नाही, मंडळीने निवडलेले 'वडील', म्हणजे एल्डर, पाळकासोबत बसून कारभार बघणार.

1860 च्या दशकात ते जालन्याला आले. मंडळीत बहुतेक मांग आणि महार. इथे खरी अडचण पोटाची होती. मांगाने दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, सणाला हलगी वाजवायची, तेव्हा खळ्यावर धान्य मिळायचं. देवळापुढे हलगी वाजवणार नाही म्हटलं की बलुतं धोक्यात. नुसती उपासना सांगून भागणार नव्हतं, जमीन हवी होती. ती दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. मुसलमान दिवाणाने ब्राह्मण घरातून आलेल्या पाळकाला मांगांचं गाव वसवायला जमीन द्यावी, हे मला चर्चच्या इमारतीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेलाही जाऊन आले. 1891 साली समुद्रप्रवासात बोटीवरच वारले.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, प्रेस्बिटेरियन परंपरा त्यात मिळाली आणि बिशप आला. आमची आजी मात्र मंडळीत काही वाद निघाला की म्हणायची, "बिशपसाहेब राहू दे, आधी मंडळीच्या वडिलांना विचारा."