कोळसा उरला, मग गाव का ओसरले?

प्रश्न : माझे आजोबा छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच खोऱ्यात, परासियाजवळच्या एका छोट्या कोळसा खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे कामगार, होते. वडील नोकरीसाठी ठाण्याला आले आणि आम्ही कळव्याचेच झालो. यंदा मे महिन्यात ती वस्ती पाहून आलो, तेव्हा चाळींवरची कौले गेलेली होती आणि हजेरीच्या खिडकीतून पिंपळ उगवला होता. कोळसा संपला म्हणून खाण बंद पडली, असे तिथले लोक सांगतात. आजोबा मात्र ‘खाली अजून पुष्कळ माल आहे’ असे शेवटपर्यंत म्हणत. खरे काय?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आजोबांचा शब्द खरा धरावा, कारण लोडर म्हणून त्यांनी तो कोळसा रोज डोळ्यांनी पाहिला होता. भूमिगत खाणीत आडवेउभे बोगदे, म्हणजे गॅलऱ्या, खोदतात आणि छत पेलण्यासाठी मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच नसावी, असा १९५७ च्या कोळसा खाण विनियमांचा दंडक होता. त्यामुळे पहिल्या खेपेला निम्म्याहून अधिक कोळसा खांबांच्या रूपाने उभाच राहतो. पुढे तेही खांब काढत मागे सरकायचे आणि छत कोसळू द्यायचे, अशी रीत आहे. परंतु वर वस्ती, रेल्वेमार्ग किंवा नदी असेल, तर पोकळीत वाळू भरल्यावाचून खांबांना हात लावता येत नाही आणि वाळू भरणे महाग पडते. थोडक्यात, गावाखालचा कोळसा अनेकदा गावामुळेच राहतो.

पेंच खोऱ्यातील खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या आधाराने वाढल्या, आणि रेल्वेच कोळशाचे मोठे गिऱ्हाईक होती. कल्याणच्या शेडमधील वाफेची इंजिने पाहिलेल्यांना तो खप निराळा सांगायला नको. ती इंजिने गेली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कामगारांना बरे वेतन आणि नोकरीची शाश्वती मिळाली, जी त्यांना फार आधी मिळायला हवी होती. मात्र हाताने टब, म्हणजे रुळांवरचे छोटे डबे, भरणाऱ्या लहान खाणीचा टनामागचा खर्च, थोड्या माणसांत डंपर आणि शॉव्हेल चालवणाऱ्या खुल्या खाणीपुढे टिकेना.

तरीही खाण मिटणे आणि गाव मिटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण कापसाची बाजारपेठ असल्याने वरोरा उभे राहिले. आपल्या आजोबांच्या वस्तीसारख्या ठिकाणी किराणा दुकान, शाळा, दवाखाना, आठवडी बाजारातली उधारी, सारे एकाच पगाराच्या तारखेवर चालत असे. तो पगार थांबला, तेव्हा मागे राहून करण्यासारखे काम कोणालाच उरले नाही. आपले वडील ठाण्याला आले, ते मला त्यामुळेच अगदी स्वाभाविक वाटते.

खाण बंद झाली की उपसा करणारे पंपही थांबतात आणि गॅलऱ्यांत पाणी भरत जाते. आजोबा सांगत, तो माल आज बहुधा त्या पाण्यात, खांबांच्या रूपाने जागच्या जागी उभा असेल.