खालच्या मजल्यावरचं दार

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. २०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, तुझे वडील गेले तेव्हा जे काका फिरकले नाहीत, त्यांच्यावर चार पानं. आणि खालच्या मजल्यावरच्या ज्या मुलानं रात्रभर रांगेत उभं राहून ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं, त्याच्यावर एक ओळ. मला राग आला तो याचा. "सर, आता मी कुणावरच विसंबत नाही," असं लिहून मोकळी झालीस. त्या मुलाकडे नंतर किती वेळा गेलीस? जा, त्याचं दार वाजव.

मी सतरा वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून दमून झोपलेलो. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आसपासची गावं बसली. आमची घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून माळवदावर पुन्हा पुन्हा माती टाकायची. वर्षानुवर्षं तिचं ओझं वाढत गेलेलं. भिंत जितकी जाड तितकं घर पक्कं, हा आमच्या पिढ्यांचा भरवसा. त्याच भिंतींखाली सुमारे ८,००० माणसं गेली. आई आणि धाकटी बहीण त्यात. मला शेजारच्या अण्णांनी काढलं, नुसत्या हातांनी. त्यांची सून अजून आत होती. माझा आवाज येत होता म्हणून आधी माझ्याकडे आले. ती वाचली नाही.

त्यानंतर आमची माणसं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. नवी घरं मिळाली तरी रात्री अंथरूण अंगणात. याला मी वेडेपणा म्हणणार नाही. भिंतीवरचा भरवसा उडाला तो बरोबरच उडाला. ट्रक गेला की मला आजही जाग येते. ते जाणार नाही. तुझंही काही जाणार नाही, खोटं कशाला सांगू?

पण पुढचं ऐक. बावन्न गावं नव्या जागी उठवली. घरं जमिनीच्या हिशेबानं दिली: भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतले, त्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्यांना ७५०. गल्लीला गल्ली लागून राहिलेली माणसं जमिनीच्या आकारानं वेगवेगळ्या रांगांत गेली. रस्ते रुंद झाले, हाक पोचेनाशी झाली. यादी करताना अण्णा पंच होते. चुलत्याशी झालेल्या वाटणीनंतर आमची जमीन एक हेक्टरच्या आत भरते, असं त्यांनी सांगितलं. खरंच होतं ते. आम्हाला २५०चं घर मिळालं, त्यांना ४००चं. आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ज्या माणसानं मला ढिगाऱ्यातून काढलं, त्याच्याशी!

माझ्या दारापासून त्यांचं दार चारशे पावलांवर होतं. गेलो नाही. वडील खचले होते, डी.एड. चालू होतं, चूल मीच पेटवत होतो. ही कारणं खोटी नाहीत, आजही कुणासमोर सांगेन. सतरा वर्षांच्या पोरानं काय काय सांभाळायचं? पण अठरा वर्षं पुरतील एवढी ती मोठी नव्हती. २०११ मध्ये अण्णा गेले. मी खांदा दिला. खांदा द्यायला दार वाजवावं लागत नाही, म्हणून जमलं.

तू समाजकार्य शिकतेस आणि मला लिहितेस की संकटातून गेलेली माणसं कायमची तुटतात. कुठे वाचलंस? सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध झालं. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्या घरांतली माणसं मेली, जखमी झाली, ज्यांना गाव सोडून पळावं लागलं, त्याच घरांतली माणसं गावसभेला आणि मतदानाला जास्त येत होती. इतर युद्धग्रस्त देशांतही असंच आढळलं. मेख एवढीच, की हा जिव्हाळा बहुतेक ठिकाणी आपल्या माणसांपुरता राहतो. मग आपलं कोण, हे कशावरून ठरवायचं? तू रक्तावरून ठरवलंस. रक्ताचे आले नाहीत, म्हणून कुणीच आलं नाही असा हिशेब मांडलास. मीही तेच केलं: चुलत्याच्या बाजूनं भांडलो आणि अण्णांना परकं ठरवलं. अगं, जो आला त्याला मोजायचंच नाही का?

आधी विश्वास बसू दे मग जाईन, असं म्हणत थांबू नकोस. मी अठरा वर्षं त्याचीच वाट पाहिली. दार वाजव. काय बोलायचं ते सुचलं नाही तर उभी राहा, पाणी माग. त्या रात्री रांगेत काय झालं ते विचार. त्याला कुणी विचारलं नसेल.

दिवाळीला लातूरला येशील तेव्हा माझ्याकडे नंतर ये. आधी जिना उतरून खाली जा. तो घरी नसला तर संध्याकाळी परत जा.

तुझा,
सर